बीडमध्ये ‘देश’ कधी पोहोचला? १८१८ ते १८९९

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना मी दर दोन वाक्यांनी ‘म्हणजे बघा’ म्हणतो, ते इथून काढलंय. दोन-तीन ठिकाणी थोडं जास्त लिहिलंय, कारण एपिसोडमध्ये वेळ पुरला नव्हता.

या भागाचं निमित्त तुम्हीच आहात. एक फॉरवर्ड मला निदान पंधरा जणांनी पाठवला. मजकूर असा, की १८१८ साली बीडमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, म्हणजे देशाचा स्वातंत्र्यलढा १८५७ला नाही, तर चाळीस वर्षं आधी आपल्या बीडमध्ये सुरू झाला. खाली तिरंगा आणि ‘गर्व असेल तर शेअर करा’. प्रत्येकाचा प्रश्न एकच, ‘दादा, हे खरंय का?’

उठाव झाला, हे खरंय. तो स्वातंत्र्यलढा होता का, हा दुसरा प्रश्न आहे आणि मला तो जास्त भारी वाटतो. कारण त्याचं उत्तर शोधताना आपल्याला हे बघावं लागतं, की ‘आपला देश’ ही गोष्ट माणसाच्या डोक्यात येते कुठून. ती जन्मजात नसते. एकोणिसाव्या शतकात ती जगभर पसरली, आणि आपल्या जिल्ह्यापर्यंत यायला तिला बराच वेळ लागला.

शाळेतला इतिहास आठवा. इटलीचं एकीकरण, जर्मनीचं एकीकरण, मॅझिनी, गॅरिबाल्डी, बिस्मार्क. मग भारतात १८५७, मग १८८५ची काँग्रेस, मग टिळक. या सगळ्यात मराठवाडा कुठे? एकदम शेवटी येतो. रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, ऑपरेशन पोलो, १७ सप्टेंबर १९४८. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी आपण आत. मी गेवराईकडचा, नोकरीला पुण्यात. ऑफिसमधले मित्र मला मनापासून विचारतात, ‘त्याआधी तुमच्याकडे काय चालू होतं रे?’ तर त्याआधी बरंच काही चालू होतं.

आधी राज्य कुणाचं ते बघू

१८१८ साली बीड निजामाकडे होतं. पण निजामाकडे होतं म्हणजे नक्की काय, ते समजून घ्यायला पाहिजे. ११ मार्च १७९५ला आपल्या पाटोदा-आष्टीच्या हद्दीला लागून असलेल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या धक्क्यानंतर निजामाने १७९८ आणि १८०० साली इंग्रजांशी तैनाती फौजेचे करार केले. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा. शिवाय परराष्ट्र व्यवहार इंग्रजांना विचारून.

पुढे हैदराबादला हेन्री रसेल नावाचा रेसिडेंट आला. त्याने निजामाच्या पैशातून आणखी एक फौज उभी केली. तिला आधी रसेल ब्रिगेड म्हणत, नंतर हैदराबाद कंटिंजंट. शिपाई इथले, अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या तिजोरीतून. तो खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात जायचा. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर सर्व्हरचं बिल तुम्ही भरताय आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड दुसऱ्याकडे आहे.

ही फौज लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक गोष्टीत ती येणार आहे. तिच्या घोडदळाची एक छावणी आपल्याच जिल्ह्यात होती, अंबाजोगाईला. तेव्हाच्या कागदपत्रांत ती ‘मोमिनाबाद’ म्हणून सापडते.

म्हणजे बीडच्या रयतेवर दोन मजली राज्य होतं. समोर दिसायचा निजामाचा माणूस, आणि तो अडचणीत आला की मागून यायची इंग्रज अधिकाऱ्याची पलटण. कुणाविरुद्ध उठायचं, हेच साधं नव्हतं.

१८१८: धर्माजी प्रतापराव

१८१८ साल महाराष्ट्रासाठी कसलं होतं ते सांगायला नको. ३ जूनला दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि पेशवाई संपली. त्याआधी २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. इथे एक छोटी सूचना. ही आष्टी आपली नव्हे, ती सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात आहे. १९४२ची आष्टी तिसरीच, वर्धा जिल्ह्यातली. सर्च केलं की तिन्ही एकमेकींत मिसळतात आणि मग फॉरवर्ड तयार होतात.

पेशवाई बुडाली म्हणजे एक राजा गेला, इतकंच झालं नाही. हजारो घोडेस्वार, शिबंदीचे लोक, किल्ल्यावरचे नाईक एका हंगामात बेकार झाले. हातात तलवार, दारात घोडा आणि महिन्याला पगार देणारं कुणी नाही. त्या दोन-तीन वर्षांत खानदेशापासून नांदेडपर्यंत ठिकठिकाणी बंडं झाली, त्याचं हे एक मोठं कारण.

त्यातलंच एक बीडचं. धर्माजी प्रतापराव यांनी बीड भागात निजामाची सत्ता झुगारली. निजामाच्या सरकारला ते आवरेना, तेव्हा लेफ्टनंट सदरलँड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली रिसाला पाठवला गेला. रिसाला म्हणजे घोडदळाची तुकडी. धर्माजी आणि त्यांचा भाऊ पकडले गेले आणि बंड संपलं.

काही महिन्यांत असंच आणखी एक प्रकरण झालं, आणि ते याहून मोठं होतं. हदगाव भागात नव्हा नावाचा किल्ला. तिथे हटकर समाजाचे नौसाजी नाईक. जानेवारी १८१९मध्ये मेजर पिटमन याच कंटिंजंटची फौज घेऊन गेला. जवळपास तीन आठवडे वेढा चालला आणि ३१ जानेवारीला किल्ला पडला. किल्ल्यात नौसाजींच्या बाजूने अरब शिपाई जीव तोडून लढले. अरब! त्यांचा नांदेडशी काय संबंध? संबंध नोकरीचा होता. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी लढायचं, हा तेव्हाचा नियम होता, आणि त्यात कमीपणा काही नव्हता.

तर धर्माजी आणि नौसाजी कशासाठी लढत होते? मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या काळातल्या शब्दांत आहे.

‘वतन’ हा शब्द घ्या. हिंदी गाण्यांमुळे आपल्याला वतन म्हटलं की सीमेवरचा जवान दिसतो. पण आपल्याकडच्या जुन्या कागदांत वतन म्हणजे पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण, महारकी, गुरवकी. म्हणजे गावातला किंवा परगण्यातला पिढीजात हक्क, आणि त्याच्यासोबतचं कामही. वतनासाठी भाऊ भावाचा जीव घ्यायचा. वतनासाठी माणूस विजापूरच्या दरबारात जायचा, दिल्लीच्या दरबारात जायचा, साताऱ्याला यायचा. वतन जो टिकवेल तो आपला.

‘देश’ घ्या. देश म्हणजे घाटावरचा मुलूख. कोकण वेगळं, देश वेगळा. देशमुखातला ‘देश’ तर आणखी छोटा, एखाद्या परगण्याएवढा.

आणि ‘स्वराज्य’! पेशव्यांच्या वसुलीच्या हिशोबात स्वराज्य हे एका ठरावीक मुलखाचं नाव होतं. त्याच्या पलीकडे ‘मोगलाई’. निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अगदी परवापरवापर्यंत होता, ‘ते काय, मोगलाईतले लोक’. ते मोगलाईतले लोक म्हणजे आपण, बरं का.

म्हणजे १८१८च्या माणसाकडे वतन, देश, स्वराज्य हे तिन्ही शब्द होते, पण एकाचाही अर्थ आज आपण लावतो तो नव्हता. धर्माजींना बीडमध्ये काय नको आहे हे पक्कं माहीत होतं. पण त्रिचनापल्लीचा किंवा लाहोरचा माणूस ‘आपला’ आहे आणि आपण त्याच्यासाठीही लढतोय, असं त्यांनी मनात धरलं असेल असं मानायला काही आधार नाही. ते शूर होतेच. फक्त त्यांचं ‘आपण’ वेगळ्या मापाचं होतं.

इंग्रजांनी अशा माणसांसाठी एक शब्द ठरवून ठेवला होता, लुटारू. पगार बंद झालेला शिलेदार, हक्क गेलेला देशमुख, जंगलातला नाईक, सगळे एका खात्यात टाकले. तोही लबाडपणाच होता, कारण लुटारू ठरवलं की त्याची तक्रार ऐकून घ्यायची गरज उरत नाही.

आता त्याच जून १८१८मध्ये पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं बघा. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलामध्ये सिमोन बोलिव्हार स्पेनच्या साम्राज्याविरुद्ध लढत होता. त्याचा तळ ओरिनोको नदीकाठच्या अंगोस्तुरा नावाच्या छोट्या गावात. २७ जूनला, म्हणजे बाजीराव शरण आल्यावर चोवीस दिवसांनी, तिथे त्याने एक वर्तमानपत्र सुरू केलं. ‘ओरिनोकोचा टपालवाला’ असं काहीसं त्याचं नाव. युद्ध ऐन रंगात, निम्मा मुलूख शत्रूकडे, आणि हा माणूस छापखाना मागवतो!

बोलिव्हारच्या फौजेतही गुरं राखणारे, घोड्यावर वाढलेले मैदानी लोक होते. त्यांनाही जमीन आणि लूट हवी होती. धर्माजींच्या स्वारांपेक्षा ते काही वेगळे नव्हते. फरक वर होता. बोलिव्हारला कळलं होतं की जी माणसं एकमेकांना कधी भेटणार नाहीत, त्यांना ‘आपण एक आहोत’ हे सांगायला कागद लागतो. बेनेडिक्ट अँडरसन नावाच्या अभ्यासकाने १९८३मध्ये यावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की राष्ट्र म्हणजे मनात कल्पिलेला समाज. खोटा नव्हे, कल्पिलेला. आणि तो कल्पिता येतो तो छापील वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, एकाच भाषेतला एकच मजकूर हजारो अनोळखी माणसं एकाच सकाळी वाचतात, त्यातून.

बीडला १८१८मध्ये छापखाना नव्हता. पुढेही बराच काळ नव्हता.

१८५७: अंबाजोगाईचे घोडे

चाळीस वर्षं पुढे येऊ. १८५७मध्ये हैदराबाद संस्थान ‘शांत’ राहिलं असं पुस्तकात एका ओळीत असतं. दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने होते, हे खरं. पण १७ जुलै १८५७ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पुढाकाराने हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता. आणि त्याच्याही महिनाभर आधी औरंगाबादला ठिणगी पडली होती. ती ठिणगी आपल्या अंबाजोगाईहून गेली होती.

झालं असं. कंटिंजंटचं पहिलं घोडदळ मोमिनाबादला होतं. औरंगाबादची तुकडी दुसरीकडे पाठवल्यामुळे त्यांना औरंगाबादला जायचा हुकूम झाला. जूनमध्ये तिथे बातमी पसरली, की आता आपल्याला दिल्लीला नेणार, बादशहाविरुद्ध लढायला. स्वार अडून बसले. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. आमची नोकरी दख्खनपुरती आहे. आणि दिल्लीच्या बादशहावर आम्ही शस्त्र धरणार नाही.

मीर फिदा अली नावाच्या दफेदाराने कॅप्टन अ‍ॅबटवर गोळी झाडली, ती चुकली. त्याला लगोलग फाशी दिली. जून संपायच्या आत जनरल वुडबर्नची फौज पुण्याकडून येऊन पोहोचली. मग पकडलेल्यांना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. संभाजीनगरला क्रांती चौकात तुम्ही कितीदा तरी बस बदलली असेल, रिक्षा पकडली असेल. त्या चौकाला ते नाव तिथल्या काळ्या चबुतऱ्यामुळे आहे.

आणखी एक तपशील. हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं, म्हणजे घोडा, सामान स्वाराचं किंवा त्याच्या शिलेदाराचं स्वतःचं, पगार त्यासकट. बंड करणारा माणूस नोकरी घालवत होता आणि घरची सगळी पुंजीही. आजच्या हिशोबात ट्रॅक्टर गहाण टाकून संपावर जाण्यासारखं आहे ते.

पण त्यांचे मुद्दे पुन्हा वाचा. एक मुद्दा कराराचा, एक मुद्दा बादशहाचा. ‘आपण’ आता परगण्यापेक्षा मोठं झालंय, बीडचा स्वार दिल्लीकडे बघतोय. तरी ते जोडणारा दुवा राजा आहे, रयत नाही. एका मालकाची सगळी माणसं, अशा अर्थाने एक.

फडके: पुढारी नवीन, फौज जुनी

मग येतात वासुदेव बळवंत फडके. त्यांची सगळी गोष्ट सांगत नाही, ती तुम्हाला माहीत आहे. पुण्यात लष्कराच्या हिशोब खात्यात कारकून. १८७६-७७च्या दुष्काळात गावोगाव फिरून माणसांचे हाल बघितले. १८७९मध्ये रामोशी साथीदार घेऊन बंड. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की पुण्याच्या बाजूला पकड घट्ट झाल्यावर ते निजामाच्या मुलखाकडे आले. इथे रोहिले आणि अरब पगारावर मिळतील, फौज उभी राहील, हा हिशोब. साठ वर्षांपूर्वी नव्ह्याच्या किल्ल्यात लढले ते याच पेशातले अरब. २१ जुलै १८७९च्या सुमारास देवर नावडगीला मेजर डॅनियलने त्यांना पकडलं. सोबत निजामाच्या पोलीस खात्याचे अब्दुल हक होते. १७ फेब्रुवारी १८८३ला फडके एडनच्या तुरुंगात वारले.

फडक्यांनी स्वतःच्या हाताने आत्मवृत्त लिहून ठेवलं. त्यात त्यांची सगळ्यात मोठी खंत अशी, की सोबतच्यांना लुटीतल्या वाट्यात रस आहे, पण ज्या मोठ्या कारणासाठी हे चाललंय त्यात नाही. मला हे फार प्रामाणिक वाटतं. पुढाऱ्याच्या डोक्यात संपूर्ण देश आहे, इंग्रजांचं राज्य उलथून प्रजासत्ताक आणायचं आहे. आणि मागे चालणाऱ्याला आज संध्याकाळी घरी काय न्यायचं हा प्रश्न आहे. दोघं एकाच डोंगरात, एकाच शेकोटीशी बसलेत, पण दोघांचं ‘आपण’ वेगळं.

रामोशांना नावं ठेवायला मात्र मी तयार नाही. फडक्यांना वाचता येत होतं. पुण्यात १८७०पासून सार्वजनिक सभा होती, भाषणं होती, इंग्रजांनी देशाची संपत्ती कशी नेली याचे हिशोब छापून येत होते. रामोशांपर्यंत ते कुणी पोहोचवलंच नव्हतं.

कागद, रूळ आणि गणपती

१८८१ला ‘केसरी’ सुरू झाला. १८९३ला पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव, १८९६ला रायगडावर शिवजयंतीचा उत्सव. १८९५च्या आसपास हैदराबाद शहरात सार्वजनिक गणपती बसू लागले. आर्य समाजाची हैदराबादची शाखा १८९२ची, आणि त्याच वीस वर्षांत आपल्या धारूरलाही आर्य समाजाचं काम सुरू झालं. हे सगळं देशभर एकमेकांना जोडणारं जाळं होतं. आणि या जाळ्यात बीड जवळजवळ शेवटचा नोड.

का, ते बघा. १९०१च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानात शंभरात जेमतेम तीन माणसांना लिहिता-वाचता येत होतं. बायकांचं तर विचारूच नका. सरकारी भाषा आधी फारसी होती, १८८०च्या दशकात उर्दू झाली. म्हणजे बीडच्या माणसाने शेतावर, घरी, बाजारात मराठी बोलायची आणि अर्ज करायचा तर मुन्शी शोधायचा. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९००च्या सुमारास झाली. ती औरंगाबाद, जालना, परभणीवरून गेली. नकाशात बघा, रूळ बीडला वळसा घालून गेलेत. बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ला. तारीख मुद्दाम निवडलेली, मुक्तिसंग्राम दिनाची. कुणी म्हणेल, राष्ट्रवाद आणि रेल्वेचा काय संबंध? पुण्याहून सुटलेलं वर्तमानपत्र बैलगाडीने किती दिवसांनी माजलगावला पोहोचत असेल, याचा अंदाज करा आणि सांगा.

निजामाची हद्द आणखी एका कामाला यायची. ती ओलांडली की दुसरं सरकार, दुसरे पोलीस. २२ जून १८९७ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर बाळकृष्ण चापेकर फरार झाले ते निजामाच्याच मुलखात लपले होते. पुढे पकडले गेले आणि १२ मे १८९९ला येरवड्यात फाशी गेले.

आणि याच दिवसांत, १८९८-९९मध्ये, बीडमध्ये पुन्हा एक बंड शिजलं. पुढारी रावसाहेब ऊर्फ बाबासाहेब. त्यांचं म्हणणं असं, की मी पेशव्यांच्या घराण्यातला. साथीदारांत ब्राह्मण जास्त. उद्देश इंग्रजांचं राज्य घालवणं. हत्यारं, पैसा, माणसं जमवायला सुरुवात झाली. चकमक झाली, आणि थोडक्या काळात ते मोडलं गेलं.

‘मी पेशव्यांचा’ हे वाचून हसू नका. नानासाहेब पेशवे १८५७नंतर नेपाळच्या बाजूला गेले आणि त्यांचं पुढे काय झालं याची खात्री कुणालाच पटली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं ठिकठिकाणी ‘हेच नानासाहेब’ म्हणून माणसं पकडली जायची. १८७४मध्ये ग्वाल्हेरला असाच एक माणूस धरला होता. रशियात शंभर वर्षं आधी पुगाचेव्ह नावाच्या कोसॅकने ‘मीच मेलेला झार’ म्हणून शेतकऱ्यांचं प्रचंड बंड उभं केलं होतं. नवीन गोष्ट लोकांना सांगायची असेल तर जुन्या नावाने सांगावी लागते.

म्हणून मला १८९९चं बीड १८१८पेक्षा जास्त विचित्र आणि जास्त जिवंत वाटतं. त्यात दोन काळ एकत्र आहेत. निजामाच्या राज्यात राहणारी माणसं, ज्यांचा रोजचा संबंध निजामाच्या तलाठ्याशी आणि पोलिसाशी, ती इंग्रजांना घालवायचं म्हणतायत. समोर दिसणाऱ्या मालकाच्या मागचा मालक त्यांना दिसायला लागलाय. धर्माजींच्या वेळेला हे नव्हतं. पण तोंडात नाव पेशव्याचं आहे. आणि पेशव्याचं नाव ऐकून सगळ्या बीडची छाती फुलेल, ही समजूत चुकीची होती.

इथे जोतीराव फुल्यांना आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८७३ला त्यांनी सत्यशोधक समाज काढला. सार्वजनिक सभा आणि काँग्रेसवाले ‘राष्ट्र, राष्ट्र’ म्हणू लागले, तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता, की जिथे लोक एकमय नाहीत, जिथे एकमेकांचं शिवलेलं पाणी चालत नाही, एकत्र जेवण नाही, लग्न तर लांबच, तिथे राष्ट्र कसलं? १८९०ला ते गेले. रावसाहेबांचं बंड त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी झालं, आणि ते का पसरलं नाही याचं उत्तर फुले आधीच देऊन गेले होते. पेशवाईत ज्यांनी गळ्यात मडकं अडकवून चालायचा काळ सोसला, त्यांच्या नातवंडांनी पेशव्याच्या नावावर जीव का द्यावा?

आणि हा प्रश्न जुना झालाय असं मला तरी म्हणता येत नाही. २०२५मध्ये आपल्याच बीडमध्ये पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली, फक्त पहिलं नाव ठेवलं गेलं. आडनाव ऐकून माणूस आपला की परका हे ठरायला लागलं होतं म्हणून. ज्यांनी तो फॉरवर्ड मला पाठवला, त्यातले काही जण गेल्या दोन वर्षांत गावातल्या ठरावीक दुकानातून सामान घेत नाहीत, हे मला माहीत आहे. १८१८चा गर्व सगळ्यांचा, किराणा मात्र आपल्या माणसाकडून.

१८९९मध्ये आणखी एक गोष्ट झाली आणि ती कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसते. पाऊस गेला. १८९९-१९००चा तो छप्पनचा दुष्काळ. १८९१ला बीड जिल्ह्याची लोकसंख्या सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास होती. १९०१ला ती पाच लाखांच्या आत आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी जवळपास चौथा हिस्सा कमी. मेले, गाव सोडून गेले, जन्मलेच नाहीत. त्या साली बीडच्या माणसाला ‘स्वातंत्र्य’ हा शब्द कुणी सांगितला असता, तर त्याने आधी विचारलं असतं, ज्वारी आहे का?

तर फॉरवर्डचं काय करायचं?

धर्माजी प्रतापराव १८१८मध्ये लढले, हे अभिमानाने सांगा. फक्त त्यांच्या हातात तिरंगा देऊ नका. त्यांना ‘पहिले स्वातंत्र्यसैनिक’ म्हटलं की त्यांची स्वतःची कारणं पुसली जातात. गेलेली चाकरी, मुलखावरचा हक्क, दोन मजली राज्याची चीड, ही कारणं काय हलकी होती? इंग्रजांनी त्यांना लुटारू म्हणून एकदा पुसलं, आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणून दुसऱ्यांदा पुसतोय. ‘बंडखोर’ हा शब्द पुरेसा आहे, आणि चांगला आहे.

काही जण म्हणतील की शेवटी इंग्रजांच्या फौजेशीच लढले ना, मग एवढा काथ्याकूट कामून? कारण नव्ह्याचा किल्ला घेणारी फौजही इथल्याच शिपायांची होती. कंटिंजंटमध्ये पगारावर असलेल्या त्या माणसाला मग गद्दार म्हणायचं का? त्याच फौजेतल्या स्वारांनी १८५७ला अंबाजोगाईहून जाऊन बंड केलं, मग ते हीरो का? एकच फौज, दोन पिढ्या. आजचा शिक्का मागच्या माणसांवर मारायला गेलं की असं होतं.

ही कंटिंजंट पुढे १९०३मध्ये इंग्रजांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. पण तिच्या पगाराच्या थकबाकीपायी १८५३ला निजामाला वऱ्हाड गमवावं लागलं, आणि आपला शेजारी धाराशिवही सात वर्षं इंग्रजांकडे गेला, १८६०ला परत आला. हे कर्ज कसं चढलं, पामर कंपनी नावाच्या सावकाराने त्यात काय केलं, ते पुढच्या भागात. तो जरा पैशांचा हिशोब असलेला भाग आहे, कंटाळू नका, ईएमआय भरणाऱ्या प्रत्येकाला कळेल.

तोपर्यंत एक काम करा. घरात, वाड्यात, माळ्यावरच्या पेटीत मोडीतले किंवा उर्दूतले जुने कागद असतील तर बाहेर काढा. वतनाचे, शेतसाऱ्याचे, कोर्टाचे, कसलेही. उजेडात मोबाइलने स्वच्छ फोटो काढा, मागची बाजूही काढा, शिक्के तिथेच असतात. आणि ते कागद कृपा करून लॅमिनेट करू नका. झेरॉक्सवाला आग्रह करील, तरी नको. मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मोडी वाचणारा आणि जुनी उर्दू वाचणारा, असे दोन मित्र मी शोधून ठेवलेत. फोटो पाठवलेत तर आपण मिळून वाचू.